जनरेटरवरचा एको आणि ट्रेडमार्कची भानगड

रोवणी चालू होती. मी बांधीत गुडघ्याखालपर्यंत चिखलात, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल, आणि बाबा धुऱ्यावर बसून रोवणीच्या बायांच्या चहाचा बंदोबस्त करताहेत. मोबाइल दोनदा थरथरला. आमच्या वावरात नेटवर्क फक्त मोहाच्या झाडाखाली येतं, म्हणून तिथं जाऊन, हात पुसून पाहिलं. ज्या परदेशी ऑनलाइन दुकानातून मी माझं सॉफ्टवेअर विकतो, त्यांचा मेल होता. तुमचं उत्पादन विक्रीतून काढलं आहे. ट्रेडमार्कच्या मालकाची तक्रार आली आहे. दहा दिवसांत उत्तर द्या. तोवर तुमचे पैसे रोखून ठेवले आहेत.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"कंपनीचा मेल आला."

"नोकरीचा?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. पुण्याची नोकरी सोडून मी २०२० साली गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या आमच्या गावात परत आलो, त्याला इतकी वर्षं झाली तरी बाबांना वाटतं, कोणतीतरी कंपनी एक दिवस मला बोलावून घेईल.

मी प्लगइन बनवतो. गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणारं आणखी एक छोटं सॉफ्टवेअर, जे आवाजाला एको देतं, गोलाई देतं, दाबतं, फुगवतं. या धंद्यात जुन्या मशीनची नक्कल हा मोठा बाजार आहे. १९६७ सालचा ११७६ नावाचा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज दाबून सारखा करणारं मशीन, किंवा १९७० च्या सुमाराचा नीव्ह कंपनीचा १०७३ हा माइकचा आवाज वाढवणारा प्रीॲम्प आजही स्टुडिओवाल्यांना हवा असतो. खरं मशीन घ्यायचं तर लाखात जातं, सॉफ्टवेअर काही हजारांत मिळतं. आणि नक्कल नुसती आवाजाची नसते. पडद्यावर बटणं, काटा, स्क्रू, अगदी पत्र्यावरचे ओरखडेसुद्धा काढलेले असतात. माउसनं फिरवायच्या बटणाला ओरखडे कशाला, हा प्रश्न मलाही पडायचा, पण ओरखड्यांशिवाय विक्री होत नाही.

माझं मशीन होतं टेप एको. मामाजींचं.

मामाजींचा साउंडचा धंदा. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची राजधानी, कंपन्यांची ऑफिसं इथंच. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या, की होळीपर्यंत रोज कुठल्यातरी गावी रात्रभर नाटक. याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडच्या लोकांना फार आश्चर्य वाटलं नाही. उशीर झाला, एवढंच म्हणाले. तर मामाजी या नाटकांना साउंड पुरवायचे, आणि त्यांच्याकडे एक परदेशी टेप एको होता. नागपूरच्या एका मोडीत निघालेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला. कंपनीचं नाव मी इथं घेणार नाही. जे झालं ते मिटलं, आणि खरं सांगायचं तर चूक बरीचशी माझी होती.

टेप एको म्हणजे टेपचा एक बंद फेरा. एक हेड आवाज लिहितं, पुढचं हेड तो वाचतं. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर पळत असेल आणि दोन हेडमध्ये ५.७ सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज ०.३ सेकंदानं परत येतो. परत आलेला थोडा आवाज पुन्हा लिहायला दिला, की एकोचा एको, त्याचा एको. प्रत्येक फेरीत वरचा चरचरीतपणा कमी होत जातो आणि आवाज दूर दूर गेल्यासारखा वाटतो. टेपचा जोड हेडवरून जाताना दर फेरीला एक बारीक ठेच लागते. हे सगळं बनवणारे माझ्याआधी शंभर जण होऊन गेले आहेत.

पण मामाजींचं मशीन जनरेटरवर चालायचं. त्याची मोटर सरळ एसी विजेवरची, म्हणजे वेग विजेच्या वारंवारतेवर. घरच्या लाइनीत ती ५० हर्ट्झला बऱ्यापैकी टिकून असते. माळरानावरच्या डिझेल जनरेटरचं तसं नाही. राजाची एन्ट्री झाली, चार हॅलोजन एकदम लागले, की जनरेटरचा दम जायचा, ५० चे ४७ व्हायचे आणि टेप मंदावायची. म्हणजे नटानं काळी एकमध्ये लावलेली तान पांढरी एकात उतरून परत यायची. क्षणभरच. मग जनरेटरचा वेग सांभाळणारा पुर्जा, गव्हर्नर, डिझेल वाढवायचा आणि सूर वर चढायचा. लहानपणी मंडपाच्या मागं गोधडीत पडून मी हे ऐकलंय. मला वाटायचं राजाचा आवाज डोंगरावर आपटून दमून परत येतो. तो डोंगर म्हणजे भाड्याचा जनरेटर होता, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

तेच मला हवं होतं. आठ महिने लागले. मामाजींचं मशीन घरी आणलं, त्यात सूर सोडले, रेकॉर्ड केले, मोजले. मग गावातल्या डेकोरेशनवाल्याचा जनरेटर एका दुपारी मागून आणला, मशीन त्यावर लावलं आणि पाण्याचा हीटर चालू-बंद करत बसलो. लोड पडला की वारंवारता किती पडते, किती वेळात सावरते, सावरताना थोडी पुढं जाऊन मग कशी मागं येते, ते सगळं वहीत उतरवलं. डेकोरेशनवाला शेजारी बसून म्हणाला, "भाऊ, पानी गरम करायचं होतं तं चुलीवर नाही होत काय?"

आवाजाला आठ महिने. चेहऱ्याला दोन दिवस.

मामाजींच्या मशीनचा पुढचा पत्रा एवढा घासलेला होता की काही वाचताच येत नव्हतं. म्हणून मी इंटरनेटवरून नव्यासारख्या मशीनचा फोटो घेतला आणि त्यावर रेष न् रेष गिरवली. तोच करडा पत्रा, तोच नारंगी पट्टा, बटणं त्याच ओळीत, डावीकडे तोच काटा, अक्षरांचं वळणही तसंच. कंपनीचं चिन्ह होतं तिथं मी माझं चिन्ह टाकलं, तेवढ्याच आकाराचं. नाव ठेवताना कंपनीच्या मॉडेलमधलं एक अक्षर बदललं, आकडा तोच ठेवला. वर्णनात लिहिलं, 'तेच अजरामर मशीन, आता तुमच्या कॉम्प्युटरवर'. आणि नावाच्या डोक्यावर, सगळे लावतात म्हणून, वर्तुळातलं ते 'आर' लावलं. मला ते शोभेचं वाटलं होतं. खरंच.

माझ्या मनात हिशोब पक्का होता. पेटंट वीस वर्षांचं असतं. मशीन जवळपास पन्नास वर्षांचं. म्हणजे सगळं मोकळं.

मेल आल्यावर आधी मी चिडलो. मग आमच्या तालुक्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रात गेलो, कारण सातबारापासून पॅनपर्यंत सगळं तिथंच होतं. तिथला मुलगा हुशार. म्हणाला, "ट्रेडमार्क? चार हजार पाचशे लागते, आजच टाकून देऊ." ज्या नावाबद्दल तक्रार होती तेच नाव तो माझ्या नावावर नोंदवायला निघाला होता. फीचा आकडा मात्र त्याचा बरोबर होता, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नागपूर. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड. एका मित्रानं वकील मॅडमचा पत्ता दिला होता. सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची एक अख्खी संस्था आहे, राजीव गांधी यांच्या नावाची, हे मला त्या दिवशी कळलं. पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर लिहून जे ऐकलं नव्हतं, ते आमच्या विदर्भातच होतं.

मॅडमनी माझं भाषण ऐकून घेतलं. पेटंट संपलंय, पन्नास वर्षं झाली, वगैरे. मग त्यांनी टायपिंग करणाऱ्या बाईंना आत बोलावलं आणि लॅपटॉपवर माझ्या प्लगइनचं चित्र दाखवलं. फक्त माझं. "नीट बघून घ्या," म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला. चहा आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, धानाचं कसं काय, पाऊस कसा. पंधरा मिनिटांनी त्यांनी मूळ मशीनचा फोटो उघडला आणि बाईंना विचारलं, "मघाचंच ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "मघाशी जरा निळसर वाटत होतं का?"

मॅडम मला म्हणाल्या, "झाली तुमची केस."

दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून फरक मोजायचा, असं कोर्ट करत नाही, हे त्यांनी मग समजावलं. साधारण बुद्धीचा, अर्धवट आठवण असलेला माणूस फसेल का, एवढंच बघतात. १९६२ साली सुप्रीम कोर्टापुढं अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा असा खटला आला होता. दोन्ही डोकेदुखी, जुलाब अशा तक्रारींवरची औषधं. 'धारा' तर शब्दच सर्वांचा, आणि अमृत कुठं, लक्ष्मण कुठं. तरी कोर्टानं म्हटलं, नावं ऐकून गिऱ्हाइकाचा गोंधळ होण्यासारखा आहे. माझ्या नावात तर एकाच अक्षराचा फरक.

पेटंटबद्दल मी बोललो ते खोटं नव्हतं, नुसतं अपुरं होतं. मशीन आतून कसं चालतं, ती युक्ती पेटंटची. ती वीस वर्षांनी सगळ्यांची होते. वस्तूच्या दिसण्याची डिझाइन म्हणून नोंदणी केली असेल, तर आपल्याकडे २००० च्या कायद्यानं दहा वर्षं, वर फार तर पाच. पण ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी फी भरून नवा करता येतो, मरेपर्यंत नव्हे, मेल्यानंतरही. आणि १९९९ च्या आपल्या कायद्यात मार्क म्हणजे नुसतं नाव नाही. वस्तूचा आकार, वेष्टन, रंगांची जुळणी हेही त्यात येतं. नोंदणी नसली तरी एखाद्याचं रूप घेऊन आपला माल त्याचा म्हणून खपवला, तर वेगळा दावा लागतो.

"म्हणजे गोल बटणसुद्धा त्यांचंच?" मी विचारलं.

"नाही." त्यांनी कलम ९ दाखवलं. जो आकार कामासाठी लागतोच, तो कोणाच्या एकट्याच्या नावावर होत नाही. आवाज कमी-जास्त करायला गोल बटण, सुईचा मीटर, हे कुणाचं नाही. गिटार बनवणाऱ्या फेंडरनं आपल्या तीन प्रसिद्ध गिटारींच्या शरीराचा आकार अमेरिकेत नोंदवायचा प्रयत्न केला होता. २००९ मध्ये तो फेटाळला गेला, कारण तोवर तो आकार जगभर सगळेच बनवत होते. उलट बाजूनं, २००५ मध्ये वाद्यं बनवणाऱ्या रोलंड कंपनीनं बेहरिंगर या दुसऱ्या कंपनीवर दावा लावला, कारण बेहरिंगरचे गिटारीचा आवाज बदलायचे पेडल रोलंडच्या बॉस पेडलसारखे दिसत होते. पुढच्या वर्षी तडजोड झाली. बटण कोणाचंच नाही, पण तीच बटणं त्याच ओळीत, त्याच रंगात, त्याच पट्ट्यावर आली, की तो चेहरा होतो.

सॉफ्टवेअरचंही उदाहरण माझ्याच डोक्यात होतं, फक्त ते मी सोयीनं विसरलो होतो. प्रोपेलरहेडचं रीबर्थ. नव्वदच्या दशकात रोलंडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या बेस आणि ड्रमच्या मशीनची नक्कल करणारं ते सॉफ्टवेअर आलं, तेव्हा सगळे वेडे झाले होते. कॉम्प्युटरवरचं ते २००५ ला बंद झालं, २०१० ला आयपॅडवर आलं आणि २०१७ ला रोलंडनं हक्काचा मुद्दा काढल्यावर काढून घ्यावं लागलं. वर्षानुवर्षं कोणी काही बोललं नाही, म्हणजे कधीच बोलणार नाही असं नसतं. फ्रान्सच्या आर्टुरिया या प्लगइनवाल्या कंपनीची यादी बघितली तर तेही कळतं. त्यांच्या ज्युपिटर-८ व्ही चं पुढं ज्यूप-८ व्ही झालं, मूग मॉड्युलर व्ही चं नुसतं मॉड्युलर व्ही. ज्युपिटर हे रोलंडच्या मशीनचं नाव आणि मूग हेही दुसऱ्याचंच. मी ती नावं रोज बघत होतो आणि बदलली का, हा प्रश्न कधी पडला नाही.

सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांची गोष्ट तर मला तेव्हापासून झोपेत आठवते. आपण मुगाच्या डाळीसारखं वाचतो, ते स्वतः 'मोग' म्हणायचे. त्यांच्या फिल्टरचं पेटंट १९६९ चं. ते केव्हाच संपलं, आणि आज तो फिल्टर शेकडो सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आपलीच कंपनी हातून गेल्यावर स्वतः मूग यांना आपल्याच आडनावानं मशीन विकता येत नव्हतं. ते नाव २००२ साली परत मिळालं. शोध सगळ्यांचा झाला आणि आडनाव स्वतःचं राहिलं नाही. माणसाचं आडनाव ही सातबाऱ्यासारखी गोष्ट असते, ते कोणाच्या नावावर चढलंय हे मधूनमधून बघत राहावं लागतं.

मी मॅडमना म्हटलं, आमच्याकडं तर कोणत्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. "कॅसिओवाला आला का?" असं विचारतात आणि येणाऱ्याच्या खांद्यावर यामाहा असतो. आठ चौकोनी पॅडवाल्या कुठल्याही वाद्याला ऑक्टोपॅड. तो शब्द रोलंडचा, १९८० च्या दशकातल्या त्यांच्या मशीनचं नाव. त्या हसल्या. म्हणाल्या, कंपन्या नेमक्या यालाच घाबरतात. सगळे तेच नाव घ्यायला लागले की नावाचा धनी उरत नाही, म्हणून त्या माझ्यासारख्या चिल्लर माणसालाही पत्र पाठवतात. तुम्ही त्यांचं नुकसान केलंत म्हणून नाही, गप्प बसलो असं दिसू नये म्हणून. हे ऐकून माझा राग निम्मा झाला. निम्मा राहिला.

राहिला त्याचं कारण असं, की दुकानानं मला तक्रारीची प्रत पाठवली होती आणि त्यात आवाजाबद्दल एक शब्द नव्हता. नाव, पट्टा, रंग, वर्णनातलं 'तेच मशीन' हे शब्द. आठ महिन्यांचं काम कोणाला खटकलं नव्हतं, आणि दोन दिवसांच्या गिरवण्यानं सगळं बंद पडलं. मॅडमनी मात्र तो मुद्दा पटकन उचलला. मशीनमधून उतरवलेला तयार आवाज सॉफ्टवेअरमध्ये घातला आहे का, कुणाचा कोड घेतला आहे का, असं दोन-तीनदा विचारलं. नाही. मी मोजमापं घेतली होती, गणित माझं होतं. "मग तेवढं तुमचं आहे. ते धरून ठेवू, बाकी सोडून देऊ."

जाता जाता त्यांची नजर त्या वर्तुळातल्या 'आर'वर गेली. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं. नोंदणी झाली नसताना ते चिन्ह लावायला कलम १०७ खाली मनाई आहे, मोठा दंड होऊ शकतो. २०२४ मध्ये कायदा बदलेपर्यंत तर तीन वर्षांपर्यंत कैद होती. "टीएम लावा हवं तर, ते कुणीही लावू शकतं. हे आजच काढा." एसटीत बसायच्या आधी, गणेशपेठच्या स्टँडवर उभ्या उभ्या, मी मोबाइलवरून माझ्या वेबसाइटवरचं ते काढलं. कंपनीच्या पत्रानं जेवढं घाबरलो नव्हतो तेवढं त्या एका अक्षरानं घाबरवलं.

उत्तर मॅडमनी लिहिलं. दीड पान. त्यात कुठं भांडण नव्हतं आणि कुठं माफीही नव्हती. नाव, पुढचा पत्रा आणि वर्णन कायमचं काढतो. ज्यांनी आधी घेतलं त्यांना नव्या रूपाचं अपडेट देतो. आवाजाच्या गणितावर तुमचा काही दावा नाही असं आम्ही धरून चालतो. नव्या वर्णनात प्रेरणा कुठून मिळाली ते एका साध्या ओळीत सांगू, चिन्ह न वापरता, आणि त्या कंपनीचा आमच्याशी संबंध नाही हेही लिहू. मला वाटलं होतं मूळ मशीनचं नाव तोंडातूनही काढता येणार नाही. तसं नाही. कशाबद्दल बोलतोय ते प्रामाणिकपणे सांगायला नाव घेता येतं. आपल्या मालाच्या डोक्यावर पाटी म्हणून लावता येत नाही. आपल्याकडं कलम ३० त्यासाठी आहे. माझी बरीचशी गिऱ्हाइकं युरोप-अमेरिकेतली, तिथले कायदे निराळे, म्हणून ती ओळही मॅडमनी तीनदा तासून लहान केली.

तीन आठवड्यांनी दुकानाचा मेल आला, प्रकरण मिटलं. रोखलेले पैसे सुटले. त्यातला मोठा वाटा फी आणि एसटीत गेला, ते असो.

आता चेहरा. मी पंधरा दिवस निरनिराळे पत्रे काढत बसलो आणि प्रत्येक वेळी हात तोच नारंगी पट्टा ओढायला जायचा. शेवटी मामाजींचं मशीनच टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. इतके दिवस मी ते नुसतं ऐकलं होतं.

मूळचं त्यावर काय उरलं होतं? पेटी गाडीवरून पडून फुटली म्हणून मामाजींनी सागाच्या फळ्यांची नवी करून घेतलेली, बैलबंडीला लावून उरलेल्या निळ्या रंगानं रंगवलेली. पाचपैकी तीन बटणं जुन्या रेडिओची, त्यातलं एक मोठं, कारण तेच मिळालं. मीटरची काच फुटलेली, तिथं एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा चिकटवलेला. एका बटणाच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका, मामीचा. आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं, काडीनं लिहिलेली अक्षरं. 'गाणं'. 'आकाशवाणी'. 'भूत'. कोणत्या प्रवेशाला बटण कुठं न्यायचं त्याच्या खुणा. भुताला एको सगळ्यात जास्त, देवाच्या वाणीला मध्यम, गाण्याला अगदी थोडा.

मग मी हेच काढलं. निळी फळी, बेमेळ बटणं, एक्स-रेची फिल्म, काडीची अक्षरं. मामाजींना अक्षरं पुन्हा कागदावर लिहायला लावली, वळण त्यांचंच राहावं म्हणून. बाजूला एकच बटण माझ्या मनानं घातलं, त्याचं नाव 'जनरेटर'. शून्यावर ठेवलं तर घरची लाइन. पूर्ण फिरवलं तर चार हॅलोजन. चित्रं बघून मॅडमनी फोनवर एवढंच म्हटलं, "आकाशवाणी नको. रेडिओवाल्यांचं नाव आहे ते. एकदा पोळलात ना?" तिथं 'देववाणी' आलं. मामाजींना ते पटलं नाही. त्यांच्या मते नाटकात देव बोलतो ती आकाशवाणीच, रेडिओ मागून आला.

नावाचं तर त्याहून अवघड. मला 'पडसाद' ठेवायचं होतं. मॅडम म्हणाल्या, पडसाद म्हणजे एकोच ना? मालाचा गुण सांगणारा शब्द नोंदवायला त्रास होतो, मराठीत असला म्हणून सुटत नाही. 'झाडी' म्हटलं तर मुलुखाचं नाव. तेव्हा त्यांनी माझ्या एसटीच्या वाटेवरचंच उदाहरण दिलं. भिवापूरची मिरची. ते नाव एका माणसाचं होत नाही, ते त्या भागातल्या सगळ्या मिरचीवाल्यांचं, आणि त्याची नोंदणी वेगळ्या कायद्यानं होते. "असा शब्द आणा, ज्याचा आवाजाशी काही संबंध नाही."

त्या आठवड्यात धानावर तुडतुडा नावाची कीड आली होती. बाबा रोज सकाळी बांधीत वाकून बुंधे हलवून बघायचे आणि घरी येऊन तोच विषय. तुडतुडा वाढला. तुडतुडा पलीकडच्या बांधीत गेला. तिसऱ्या दिवशी मला तो शब्द नुसता आवाज म्हणून ऐकू यायला लागला. तुड, तुड, आ. स्वतःचाच एको. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कोणालाही शोध घेता येतो. वर्ग ९ मध्ये, जिथं सॉफ्टवेअर आणि आवाजाची यंत्रं येतात, सारख्या अक्षरांनी शोधलं, सारख्या उच्चारानं शोधलं. जवळपासचंसुद्धा काही निघालं नाही. कीटकनाशकांच्या वर्गात असतं तर गोष्ट वेगळी.

बाबा म्हणाले, "ज्याच्यावर फवारा मारून मारून कंबर गेली, त्याचंच नाव ठेवतं काय रे?"

अर्ज ऑनलाइन. फॉर्म टीएम-ए, एका माणसासाठी ४५०० रुपये. वापर अजून सुरू केलेला नाही, करणार आहे, असं लिहिलं. नाहीतर कधीपासून वापरतो त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. नुसता शब्द नोंदवायचा अर्ज केला, चित्राचा वेगळा खर्च नको म्हणून. पुढची वाट लांब आहे. तपासणी, शंका निघाली तर महिन्याभरात उत्तर, मग जर्नलमध्ये छापून येणार, त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. बाबा धानाचा भाव बघतात तसा मी दर सोमवारी अर्जाची स्थिती बघतो.

तुडतुडा मागच्या मंडईच्या सुमारास विक्रीला लागला. पहिल्यापेक्षा कमी विकतो, हे कबूल करायला हवं. जुनं रूप परत द्या, असे तीन-चार मेल आले. एका गृहस्थानं जर्मनीतून विचारलं, या शब्दाचा उच्चार कसा करायचा. मी त्याला रेकॉर्ड करून पाठवला, 'भूत'वर ठेवून.

मामाजींना दाखवायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते ओसरीत वायरी गुंडाळत बसले होते. लॅपटॉप पाटावर ठेवला, हेडफोन त्यांच्या कानाला लावला, जुन्या नाटकातला त्यांच्याकडचाच एक संवाद सोडला आणि 'जनरेटर' फिरवला. सूर खाली गेला, सावरला. मामाजींनी हात वर केला, जसं मंडपात मागं उभ्या पोराला थांब म्हणायचे. बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून चष्मा लावला आणि पडद्याजवळ तोंड नेलं.

"हा लाल ठिपका कुठं घातला रे तू?"

"चारवर, मामाजी. मशीनवर तिथंच आहे."

"ते बटन मागच्या साली मी खोललं होतं, उलटं बसलं. ठिपका साडेतीनवर होता. चारवर गेलं का भूत शिट्टी मारते." आतून मामीनं ओरडून सांगितलं, साडेतीनच.

घरी येऊन ठिपका सरकवला आणि रात्री नवी आवृत्ती चढवली. काय बदललं, त्या रकान्यात एकच ओळ लिहिली: भुताची जागा दुरुस्त केली.